शेंडीची गाडी आणि एसटीचं मोकळं मैदान

भंडारदऱ्याला एसटीनं जायचं तर उतरायचं शेंडीला. धरणालगतचं हे बाजाराचं गाव. मुंबईकडून रेल्वेनं आलेला माणूस घोटी किंवा इगतपुरीला उतरून बारी, वाकी फाटा करत इथे पोहोचतो. नगरकडून येणारा संगमनेर, अकोले, राजूर आणि रंधा करत चढत येतो. कळसूबाईचं शिखर एका अंगाला, प्रवरेचं खोरं दुसऱ्या अंगाला. या घोटी-कोल्हार रस्त्यावरून धावणारी लाल गाडी पर्यटकाच्या फोटोत सहसा येत नाही. तो रंधा धबधब्याचा फोटो काढतो, भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या भिंतीचा काढतो, काजव्यांच्या दिवसांत झाडांचे काढतो. गाडी तर रोजचीच. ज्या वस्तूला रोजची म्हणून कुणी जपत नाही, ती एक दिवस कुठेच पाहायला मिळत नाही. सार्वजनिक वाहनांच्या संग्रहालयांचा सगळा इतिहास याच धास्तीतून जन्मला आहे. ही धास्ती सर्वांत आधी नगर जिल्ह्याला वाटायला हवी, कारण एसटीचा जन्मच या जिल्ह्यातला.

१ जून १९४८ ला सकाळी नगरच्या माळीवाड्यातून पुण्याकडे जी गाडी सुटली, ती राज्य परिवहनाची पहिली गाडी. चालक होते किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफर्ड कंपनीची, बॉडी लाकडी, आसनं काथ्याची, रंग निळा आणि वरचा भाग चंदेरी. आपल्या डोळ्यांसमोर एसटी म्हटलं की लाल रंग येतो, पण तो नंतरचा. एसटीआधी या रस्त्यांवर खासगी मोटारी चालत. गाडी भरली की सुटणार, भाडं मालक सांगेल ते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं त्या धंद्याला थोडी शिस्त लावली होती. वेळेवर, ठरलेल्या भाड्यात आणि गाडीत चार माणसं असली तरी सुटणारी गाडी ही मात्र सर्वस्वी नवी गोष्ट होती. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानुसार महामंडळ उभं राहिलं आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्याला आजचं नाव मिळालं.

त्याच १९४८ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरात काही ट्रामप्रेमी निरोपाच्या फेरीसाठी जमले होते. तिथली ट्राम बंद होत होती, गाड्या भंगारात निघाल्या होत्या. या मंडळींनी ४५ क्रमांकाची ट्राम १० पौंडांना विकत घेतली. १९०३ ची ती गाडी, वरचा मजला उघडा. शहराच्या मध्ययुगीन वेशीची कमान बुटकी होती, म्हणून वरच्या मजल्यावरची बाकं मधोमध लांबीनं, पाठीला पाठ लावून बसवली होती. कमानीखालून जाताना प्रवाशांची डोकी सर्वांत उंच भागाखालून सुखरूप निघत. एका वेशीच्या उंचीनं बाकांची मांडणी ठरवली होती, आणि हे पुस्तकात वाचून जितकं कळतं त्याहून कितीतरी जास्त त्या बाकावर बसून कळतं. ट्राम विकत घेणाऱ्यांना हे नेमकं उमगलं होतं.

एक ट्राम घेतली, पण ठेवायची कुठे? त्या प्रश्नातून १९५५ मध्ये ट्रामवे म्युझियम सोसायटी स्थापन झाली आणि १९५९ मध्ये डर्बीशायर परगण्यातल्या क्रिच गावची जुनी दगडाची खाण तिनं मिळवली. खाणीत रूळ अंथरले. १९६३ ला घोड्याची ट्राम धावली, १९६४ ला विजेची. तिथे आजही तिकिटासोबत पाहुण्याच्या हातात एक जुनी पेनी ठेवतात. ती ट्राममधल्या कंडक्टरला द्यायची, की दिवसभर हवं तितकं फिरा. जुनं नाणं, जुना कंडक्टरचा पोशाख, जुनी गाडी, आणि ती प्रत्यक्ष चालणारी.

इथे तारखांची एक जोडी मनाला लागते. क्रिचमध्ये विजेची ट्राम पुन्हा सुरू झाली त्याच १९६४ सालच्या ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. ९ मे १८७४ ला घोड्यांनी सुरू केलेली, १९०७ पासून विजेवर धावणारी, १९२० पासून दुमजली झालेली ती वाहतूक नव्वद वर्षांनी थांबली.

उघड्यावरच्या संग्रहालयाची कल्पना याहून जुनी. आर्टुर हाझेलियस या स्वीडिश गृहस्थांनी १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन उभारलं. देशभरातली जुनी घरं, गोठे, पवनचक्क्या उचलून एका टेकडीवर आणून वसवल्या. वस्तू काचेच्या कपाटात ठेवली की तिचा वापर नाहीसा होतो, ही त्यांची तक्रार होती. घरांना हे लागू असेल तर वाहनांना त्याहून जास्त लागू आहे. घर उभं राहूनही घर असतं. बस उभी राहिली की तिचं मूळ कामच संपतं. नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या खुल्या संग्रहालयानं १९९६ मध्ये आपल्या आवारात ट्रामचा रूळ टाकला तो याचसाठी. जुनी घरं पाहायला आलेली माणसं आता एका घराकडून दुसऱ्या घराकडे जुन्या ट्राममधून जातात.

महाराष्ट्रात या दिशेनं काहीच झालेलं नाही असं नाही. मुंबईत आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. ते १९८४ मध्ये कुर्ल्याला सुरू झालं आणि १९९३ मध्ये आणिकला आलं. तिकिटं, तिकिटाची यंत्रं, ट्राम आणि बसच्या प्रतिकृती तिथे मनापासून जपल्या आहेत. नागपूरच्या मोतीबागेत २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय उघडलं, तिथली इंजिनं मोकळ्या आकाशाखाली आहेत. रेल्वेला जपणुकीची सवय आहे. इंजिन म्हणजे टनावारी लोखंड, चौथऱ्यावर ठेवलं तर शंभर वर्षं उभं राहतं. बसचं तसं नाही. पातळ पत्रा, रबर, रेक्झिन, काच. दोन पावसाळे वाऱ्यावर सोडली तर तिचा सापळा उरतो.

आणि खुद्द नगर शहरात तर वाहनांचं एक उत्तम खुलं संग्रहालय आहे. १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं. रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपासून दुसऱ्या महायुद्धातल्या माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल रणगाड्यांपर्यंत, आणि आपल्या विजयंतापासून युद्धात हाती आलेल्या पॅटनपर्यंत सगळे तिथे हिरवळीवर ओळीनं उभे आहेत. शाळांच्या सहली तिथे येतात आणि यायलाच हव्यात. पण त्या सहली ज्या गाडीनं येतात, तिची पणजी याच शहरातून निघाली होती, हे मुलांना दाखवायला तिथून माळीवाड्यापर्यंतच्या रस्त्यात काही नाही. मला ही उणीव फार बोचते.

शेजाऱ्यांनी हे काम केलं आहे. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन सरकारी बससेवा सुरू केली होती. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, त्यामुळे हा आपल्याही इतिहासाचा भाग. त्या आल्बियन गाड्यांपैकी ‘डेक्कन क्वीन’ नावाची एक हैदराबादच्या बस भवनात दुरुस्त करून ठेवली आहे. लहानशी, बुटकी, लांब नाकाची. तिच्याकडे पाहिलं की पहिल्या पिढीतल्या बसमध्ये किती थोडी माणसं मावत आणि चालकाला स्टिअरिंगशी किती झटावं लागत असेल, याचा अंदाज क्षणात येतो.

एसटीच्या गाड्यांचं काय झालं, ते समजण्यासाठी गाडी कशी बनते हे पाहावं लागतं. कारखान्यातून येते ती फक्त चासी: इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि चालकाला बसायला एक तात्पुरतं आसन. तिच्यावर बॉडी बांधायची. एसटीनं हे काम स्वतःच्या कार्यशाळांत केलं. पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. सुरुवातीच्या गाड्यांचे खांब, आडवे पट्टे, छताच्या कमानी लाकडी होत्या. लाकडाचा गुण हा की दापोडीचा सुतारही ते जोडू शके आणि वाटेत मोडलं तर तालुक्याच्या गावी डागडुजी होई. दोष हा की खडीच्या रस्त्यावर सांधे सैल होतात, गाडी करकरायला लागते, आणि सांध्यात पाणी मुरलं की लाकूड आतून कुजतं. नंतर अॅल्युमिनियम आलं. ज्यांनी जुन्या साध्या गाडीतून प्रवास केला आहे, त्यांनी खिडकीच्या वरच्या पट्टीवरून बोट फिरवून पाहिलं असेल. एका रेषेत, बोटभर अंतरावर रिबिटांचे गोल माथे लागत. ते एकेक रिबिट माणसानं हातानं बसवलेलं. अलीकडच्या गाड्यांना पोलादी बॉडी आली, तिच्यात उलटली तरी छत चेपू नये अशी ताकद आहे. प्रवाशाच्या जिवासाठी हा बदल योग्यच झाला. पण लाकूड, अॅल्युमिनियम, पोलाद या तीन पायऱ्या एका ओळीत उभ्या केल्या तर सत्तर वर्षांचं अभियांत्रिकीचं शिक्षण एका फेरीत होईल.

गाडीचं आयुष्य संपलं की महामंडळाच्या भाषेत तिचं निर्लेखन होतं. निर्लेखित गाडी लिलावात जाते. अॅल्युमिनियमला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून ती कापली जाते. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. तोट्याचे मार्गही चालवणाऱ्या महामंडळाला प्रत्येक गाडीचे पैसे लागतात. खरी अडचण आता कायद्यात आहे. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या १५ वर्षांपुढच्या गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या मोडीत काढाव्या लागतात. धुरासाठी आणि सुरक्षेसाठी हा नियम हवाच. दुसरीकडे २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम झाले. गाडी ५० वर्षांपुढची आणि मूळ रूपात असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो आणि प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी ती रस्त्यावर आणता येते. पण हे नियम खासगी, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. हौशी श्रीमंताची मोटार पन्नाशी गाठते. एसटी पंधराव्या वर्षी मरते. मधली पस्तीस वर्षं तिला कुठे लपवायचं?

उत्तर क्रिचच्या खाणीत आहे. सार्वजनिक रस्त्यावर चालवायचीच नसेल तर नोंदणीचा प्रश्न उरत नाही. संग्रहालयाच्या स्वतःच्या कुंपणात, स्वतःच्या दीड-दोन किलोमीटरच्या रस्त्यावर गाडी चालू शकते. म्हणून एसटीचं संग्रहालय हॉलमध्ये करून भागणार नाही. त्याला मैदान हवं, त्या मैदानात एक चढ हवा, एक वळण हवं, एक थांबा हवा. छोटासा घाट असला तर उत्तमच, कारण चढावर गिअर बदलताना इंजिनचा बदलणारा आवाज हा एसटीच्या प्रवासाचा अर्धा भाग आहे.

मग ते भंडारदऱ्याला करावं का? घाट, तलाव, पर्यटक, सगळंच आहे. माझं मन तिकडे ओढतं, पण पाऊस आडवा येतो. भंडारदऱ्याच्या वर घाटघरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या हवेत लाकडी बॉडीची गाडी उघड्यावर ठेवणं म्हणजे तिला मारणं. नगर शहराकडे हा आकडा सहाशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यात पावसाची ही दोन टोकं आहेत. तेव्हा गाड्या ठेवायच्या त्या नगरच्या कोरड्या बाजूला, वर छप्पर देऊन. आणि त्यांच्या कामाची गोष्ट सांगायची ती भंडारदऱ्याच्या रस्त्याची, कारण एसटी नेमकी कशासाठी होती ते तिथे कळतं.

या रस्त्याची गोष्ट धरणापासून सुरू होते. १९१० मध्ये काम सुरू झालं, १० डिसेंबर १९२६ ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. प्रवरेवरची ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत आजही बघणाऱ्याला थक्क करते. त्याच वर्षी १५ जुलैला मुंबईत पहिली मोटारबस अफगाण चर्चहून क्रॉफर्ड मार्केटला धावली होती. धरणाचं पाणी कालव्यांनी खाली गेलं, त्यावर ऊस उभा राहिला आणि १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. खालच्या मुलखात पैसा आला, रस्ते आले. वरच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत मात्र पाणी डोळ्यांसमोर आणि रस्ता दूर, अशी स्थिती फार काळ राहिली. तलावाच्या पल्याडच्या रतनवाडीला, साम्रदला, घाटघरला जायचं तर वळसा. तिथल्या माणसाला अकोल्याच्या कचेरीत सातबारा काढायचा असो, राजूरच्या शाळेत मुलगी घालायची असो की संगमनेरच्या दवाखान्यात म्हातारीला न्यायचं असो, खासगी मोटारीला त्या खेपेत नफा नव्हता. ‘गाव तिथे एसटी’ ही घोषणा अशा गावांसाठी होती.

मुक्कामी गाडी हा या सगळ्याचा कळसाध्याय. संध्याकाळी शेवटच्या गावाला पोहोचायचं, चालक-वाहकांनी गाडीतच किंवा देवळात झोपायचं आणि पहाटे पहिली खेप घेऊन निघायचं. टपावर भाताची, वरईची पोती, कोंबड्यांची डालगी. मागच्या शिडीनं ते सगळं वर चढवायचं, दोरखंडानं बांधायचं. आत मधल्या वाटेत दुधाच्या किटल्या. वृत्तपत्रांचे गठ्ठे, टपालाच्या थैल्या, घरून मुलाला पाठवलेला डबा हेही याच गाडीनं. सणाच्या आदल्या दिवशी वाहक गावातल्या म्हाताऱ्याला हाक मारी, “आबा, लेक आलीय बघा गाडीनं, पुढे व्हा.” संग्रहालयात बस ठेवायची तर तिच्या टपावर ही पोतीही हवीत. नाहीतर मुलांना वाटेल की ती फक्त माणसं वाहणारी पेटी होती.

वाहकाची पेटी तर एका दालनाच्या लायकीची आहे. लांबट अॅल्युमिनियमची, आत वेगवेगळ्या किमतींच्या तिकिटांचे गठ्ठे ओळीनं, प्रत्येकाचा रंग निराळा. भाडं टप्प्यांवर. सहा किलोमीटरचा एक टप्पा. तिकिटाच्या कडेला छापलेल्या आकड्यांपैकी प्रवासी जिथे चढला त्या टप्प्याच्या आकड्यावर चिमट्यानं भोक पाडायचं. म्हणजे पुढे तपासनीस चढला की प्रवासी कुठून आला आणि कुठवर पैसे भरलेत, ते एका नजरेत कळे. चालत्या गाडीत, घाटात, एका हातानं दांडी धरून बेरीज तोंडी करत दोन-तीन तिकिटं एकावर एक ठेवून भोक पाडणं हे कसब होतं. रात्री वेबिलावर हिशेब जुळवावा लागे आणि कमी पडलेले पैसे खिशातून जात. छताखालून गेलेली घंटीची दोरी एकदा ओढली की गाडी थांबायची, दोनदा ओढली की निघायची. गाडी भरलेली असताना वाहक मागे अडकला तर जवळचा प्रवासीच त्याच्या सांगण्यावरून “डबल” देत असे. तिकिटाचं यंत्र आल्यावर चिमटा गेला. लहान मुलांच्या हाती तो चिमटा आणि रद्दीचा कागद द्यावा, त्यांना भोकं पाडू द्यावीत. क्रिचच्या पेनीइतकंच ते त्यांच्या लक्षात राहील.

तिकिटांतून राज्याचा इतिहासही दिसतो. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना मोफत पास, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. सीटवर रंगवलेली राखीव जागांची अक्षरंही तशीच: अपंग, स्वातंत्र्यसैनिक, विधानसभा सदस्य. आमदारानं साध्या एसटीतून मतदारसंघात जायचं, हे गृहीत धरलेला काळ त्या अक्षरांत आहे.

भंडारदऱ्याला जाणाऱ्यानं संग्रहालयाची वाट न पाहता आजच थोडं निरखून पाहावं. शेंडीच्या थांब्यावर गाडीच्या काचेमागची पाटी वाचावी, कुठून कुठे आणि मधे कोणतं गाव लिहिलंय ते. राजूरपासून शेंडीपर्यंतचा पट्टा दुपारच्या साध्या गाडीनं करावा आणि चालकाच्या मागच्या सीटवर बसावं. उतारावर तो ब्रेकपेक्षा गिअरवर किती भिस्त ठेवतो, समोरून ट्रक आला तर कोण कुठे थांबतं, हॉर्नच्या एका-दोन सुरांत काय बोलणं होतं, ते तिथून दिसतं. वाटेतल्या वाडीवर हात दाखवणारी बाई चढली की वाहक तिला कुठे जायचं ते विचारत नाही, हेही दिसतं.

१ जून २०२२ ला, पहिल्या गाडीच्या चौऱ्याहत्तराव्या वर्धापनदिनी, विजेवरची ‘शिवाई’ पुणे-नगर याच मार्गावर सुरू झाली. बेडफर्डपासून शिवाईपर्यंतची ओळ पुरी करायला मधली १९८२ नंतरची एशियाड हवी, शिवनेरी हवी, आणि सर्वांत आधी साधी अॅल्युमिनियमची लाल गाडी हवी. मूळ बेडफर्ड मिळाली नाही तर तिची प्रतिकृती त्याच जातीच्या चासीवर लाकूड घालून बांधता येईल. ज्यांनी अॅल्युमिनियमच्या बॉड्या बांधल्या, ते दापोडीचे जुने कारागीर आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडून मापं, अवजारांची नावं आणि सांधा बसवायची रीत लिहून घेण्याचं काम मैदान मिळण्याआधी सुरू करता येतं. त्याला वही लागते आणि कुणीतरी त्यांच्या दारी जावं लागतं. दरम्यान पुढच्या लिलावाआधी चालू स्थितीतल्या चार-पाच साध्या गाड्या यादीतून बाजूला काढून नगरला छपराखाली उभ्या कराव्यात, इंजिनात तेल भरून, दर पंधरवड्याला एकदा सुरू करून.